सर्वानुमते

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रोसिडिंग बुकात एका ठरावाखाली ‘अनुमोदक’ म्हणून माझं नाव आहे. ठराव पडद्यांचा. प्रसूती कक्षाच्या खिडक्यांना हिरवे पडदे घ्यावेत, असा. ती सभा चालली होती तेव्हा मी तुमसरला, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात, दुसऱ्या पंगतीला भात वाढत होतो. पुढल्या सभेला वही समोर आली, कोणीतरी बोटानं जागा दाखवली, “इथं सही करा, काकाजी,” आणि मी केली. चष्मा खिशातच होता. ठरावाच्या शेवटी नेहमीचं वाक्य: ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.’

पडद्यांबद्दल तक्रार नाही. चांगले आहेत, टिकले. पण दीड वर्षानं जुने ठराव चाळताना ते नाव दिसलं आणि माझेच कान तापले. कारण सहीचा अर्थ काय असतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला निवृत्त कामगार. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गावर ठाणा पेट्रोलपंपाचा थांबा लागतो, तिथून आमची वसाहत जवळच. 1962च्या युद्धानंतर, साठच्या दशकात, धानाच्या बांध्यांमध्ये हा कारखाना उभा राहिला. आत क्वार्टर, शाळा, दवाखाना, कुंपणाबाहेर खेडी. नोकरीत होतो तोवर मी आतला माणूस. ताप आला की आतल्याच दवाखान्यात जायचं, गोळ्या घ्यायच्या, परत यायचं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, बाहेरच्या एका गावात घर बांधलं आणि साठीत पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात केसपेपर हातात धरून रांगेत उभा राहिलो.

आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीवर माझी वर्णी लागली त्याला मोठं कारण नव्हतं. त्यांना एक ‘प्रतिष्ठित नागरिक’ हवा होता. मी पेन्शनवाला, बऱ्यापैकी मराठीत अर्ज लिहिणारा आणि दुपारी घरी सापडणारा. कोणी निवडून दिलं नाही. तू कोणाच्या वतीनं बसणार, हेही कोणी विचारलं नाही.

कारखान्यात असं नव्हतं. तिथं मी कॅन्टीनच्या समितीवर होतो, नंतर एकदा कार्यसमितीवर निवडून गेलो. 1948चा कारखाने कायदा तेव्हा सांगत होता की अडीचशेवर कामगार असले तर कॅन्टीन हवं आणि त्याच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधी हवेत. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातली कार्यसमिती तर आणखी स्पष्ट होती: कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. हे कायदे मला पाठ नव्हते. मला पाठ होता तो सायकल स्टँड. सभा झाली की दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या आधी तिथं उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या: काय मागितलं, काय मिळालं, काय नाही मिळालं. नाही सांगितलं तर लोक हँडल धरून सायकल अडवायचे. एकदा कॅन्टीनच्या तांदळाचा विषय होता. भंडाऱ्याच्या माणसाला भाताच्या बाबतीत फसवता येत नाही. पहिल्या घासाला तो सांगतो की तांदूळ नवा की जुना. मी सभेत ‘दर्जा सुधारावा’ असं गुळमुळीत बोलून आलो. सायकल स्टँडवर एका फिटरनं विचारलं, “दर्जा म्हंजे काय बे? तांदूळ जुना पायजे असं बोल्ला का नाई?” नव्हतो बोललो. पुढल्या सभेत बोललो.

रुग्ण कल्याण समितीत आल्यापासून मला कोणी अडवलंच नाही. मी समितीवर आहे हे गावात चार लोकांना ठाऊक असेल. बायकोला एवढंच ठाऊक की मी दोन-तीन महिन्यांनी इस्त्रीचा सदरा घालून ‘मिटिंगले’ जातो आणि चिवडा-चहा घेऊन येतो.

या समित्यांचा उगम मला पुढे एका प्रशिक्षणात कळला आणि गंमत वाटली. 1994च्या सुमारास इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांनी थैमान घातलं होतं. होळकरांच्या नावाचा हा दवाखाना तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांना हाताशी धरून साफ करून घेतला. आता तो तसाच ठेवायचा कोणी आणि कोणत्या पैशानं, या प्रश्नातून रोगी कल्याण समिती जन्मली. 12 एप्रिल 2005ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा हीच कल्पना देशभर गेली. दवाखान्याच्या हातात थोडा मोकळा निधी आला आणि तो कशावर खर्चायचा ते ठरवायला समिती. गावपातळीवरही एक समिती आली, तिचं नाव एका दमात म्हणून दाखवा: ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. तिलाही वर्षाला दहा हजारांचा अबंधित निधी. नियम वाचले तर वाईट नाहीत. 2013च्या मार्गदर्शक सूचनांत गाव समितीवर किमान पंधरा सदस्य आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं लिहिलेलं आहे.

सभा किती वाजता घ्यावी, हे मात्र त्यात नाही.

आमची सभा सकाळी अकराला. जुलैत सकाळी अकराला आमच्या गावात बाई सापडत नाही. ती सहाला डबा बांधून रोवण्याला गेलेली असते, दुसऱ्या गावच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावत असते. समितीतली एक सदस्य बचत गटातून घेतलेली. ती रोवण्याच्या दिवसांत गैरहजर राहायची आणि वहीत तिच्यापुढे ‘कळवले होते’ असं लिहिलं जायचं. कळवलेलं असायचंही. एका दिवसाची मजुरी बुडवून पडद्यांवर चर्चा करायला ती काहून येईल?

आता माझी चूक सांगतो. हिच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

एका सभेत प्रतीक्षालयात टीव्ही बसवण्याचा विषय आला. आरोग्यविषयक चित्रफिती दाखवता येतील, असं कारण. मलाही वाटलं, बरं आहे, ताटकळणाऱ्यांचा वेळ जाईल. सभा संपली आणि बाहेर बोरीच्या झाडाखाली एक आशाताई मला म्हणाली, “काकाजी, टीव्हीच्या आधी बायांचा संडास उघडा करायले सांगा ना.” दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा तो दिवस. आठ-नऊ गावांच्या बाया सकाळपासून येऊन बसतात. संडासाला कुलूप. टाकीला पाणी चढत नाही, घाण होते, म्हणून कुलूप आणि किल्ली परिचराच्या खिशात. सातव्या महिन्याची बाई किल्ली मागायला पुरुषाकडे जात नाही. काही जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. “तपासनीत मंग सांगतात का बाई पानी कमी पेते म्हनून,” ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला अजून आठवतं.

मी पाच वर्षं त्या दवाखान्यात जात होतो. ते कुलूप मी रोज पाहत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

पुढल्या सभेत मी तावातावानं विषय काढला. जुना युनियनवाला अंगात आला. कोणीतरी म्हणालं, “अशी काही तक्रार आमच्याकडे आलेली नाही.” मी म्हणालो, “आली नाही कशी? अमुक आशाताईंनी स्वतः मला सांगितलं.” नाव घेतलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्या आवाजात, पुरावा दिल्याच्या थाटात.

कुलूप आठवड्यात निघालं. मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं. पण त्या आशाताईचे मोबदल्याचे कागद त्या महिन्यापासून ‘त्रुटी’ काढून परत यायला लागले. आशांना पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. त्यांचा एक कागद अडला की घरात तेलाची बाटली अडते. कोणी काही बोललं नाही, कोणी रागावलं नाही. फक्त कागद फिरत राहिले. मला हे तीन महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच बाईकडून.

मी तिच्या घरी गेलो. तिनं चहा दिला, पाट दिला. मग म्हणाली, “तुमी खरंच बोल्ले काकाजी. पन माहं नाव काहून घेतलं?”

मला उत्तर नव्हतं. कारखान्यात तीस वर्षं आम्ही एक गोष्ट कसोशीनं पाळली होती: तक्रार सेक्शनची असते, माणसाची नसते. कोणी सांगितलं ते प्रतिनिधीच्या पोटात राहतं. ‘कामगारांचं म्हणणं आहे’ या तीन शब्दांत शंभर माणसं लपतात, म्हणून ती बोलू शकतात. सभेच्या खुर्चीत मी हे विसरलो, कारण तिथं मला कोणाचा प्रतिनिधी असल्याची जाणीवच नव्हती. मी एक चांगला माणूस म्हणून बोलत होतो. चांगल्या माणसाला पुरावा द्यायची घाई असते. कागदांचं पुढे मार्गी लागलं, पण त्यासाठी तिला जे हेलपाटे पडले ते माझ्या खात्यावर आहेत.

त्यानंतर दोन सभा मी गप्प बसलो. तिसरीच्या आधी बचत गटाच्या बैठकीला गेलो, रात्री आठला, जेवणं उरकल्यावर, एका घराच्या पडवीत. आधी बाया बुजल्या. काकाजी कर्जाच्या वसुलीला आले की काय! मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात दवाखान्याची सभा आहे, काय बोलू? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, “तिथं काय बोलता येते?” प्रश्न अगदी बरोबर होता. समितीच्या हातात काय आहे, किती पैसे आहेत, डॉक्टर नेमणं तिच्या हातात नाही पण बाकडं घेणं आहे, हे कोणी कधी त्यांना सांगितलंच नव्हतं. दुकानात काय मिळतं ते माहीत नसताना यादी कशी करणार? मी वहीतले आकडे सांगितले. मग यादी झाली. माझी यादी वेगळी होती. माझ्या यादीत पहिला होता कायम रुग्णवाहिकेचा विषय. त्यांच्या यादीत पहिला विषय होता रक्तदाबाच्या गोळ्यांचा दिवस बदलण्याचा, कारण तो आठवडी बाजाराच्या दिवशी असला तर एका भाड्यात दोन कामं होतात.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्राम उभारताना आदिवासींना विचारलं होतं की तुम्ही दवाखान्यात का येत नाही. मोठ्या इमारतीची भीती, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, आणि आमचा देव तिथं नाही, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तिथला दवाखाना गोंडी गावासारखा, झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव लागलं. 2007 पासून महाराष्ट्रात ठाणे, पुणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तिचं समन्वयाचं काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होतं. गावागावात आरोग्यसेवेची प्रगतिपत्रकं भरली गेली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर बसावं लागलं. त्या पाचांत भंडारा नव्हता. आमच्याकडे काय आलं, तर त्याची एक पुस्तिका; ती मी प्रशिक्षणातून पिशवीत घालून आणली. अजून आहे.

बचत गटानं पुढे ठरवलं की एक बाई सभेला पाठवायची नाही, दोघी पाठवायच्या. एकटी बाई खुर्चीच्या टोकावर बसते आणि सही करून येते. दोघी असल्या की एकमेकींना कोपर मारतात. एक सदस्य, दुसरी ‘निमंत्रित’. आताच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही, एवढंच नव्हे तर रोवण्याच्या दोन महिन्यांत सभा संध्याकाळी घेतली. अजेंडा आठ दिवस आधी द्या, ही आमची मागणी मात्र अजून चार दिवसांवरच अडली आहे.

हत्तीरोगाच्या मोहिमेनं मला आणखी एक धडा दिला. आमचा पूर्व विदर्भ या रोगाचा जुना मुलूख. गटारातला क्यूलेक्स डास त्याचे जंतू पसरवतो आणि ते रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून तपासणीचं पथकही रात्री दारात उभं राहतं. वर्षातून एकदा घरोघरी गोळ्या, समक्ष खायच्या. लोक काय करतात? गोळी जिभेखाली धरतात आणि पथक वळलं की थुंकतात. आमच्या जुन्या वसाहतीतले शिकलेले लोक तर दारच उघडत नाहीत. समितीत दरवर्षी यावर ‘जनजागृती करावी’ असा ठराव होतो. सर्वानुमते.

गावात एक जण आहे, पन्नाशीचा, डावा पाय हत्तीपायाचा. माझ्या मनात आलं की या विषयावर समितीत यानं बसायला हवं. आपण सगळे पायांनी धडधाकट लोक त्याच्यावर काय बोलतो? बोलावलं. तो हो म्हणाला आणि आला नाही. परत बोलावलं, परत हो म्हणाला, परत नाही. शेवटी त्याच्या बायकोनं सांगितलं: तिथं खुर्च्या आहेत. खुर्चीवर बसलं की पाय समोर येतो. घरी तो मांडी घालून, धोतराखाली पाय घेऊन बसतो. आणि दाराशी चपला काढायच्या असतात. त्याच्या त्या पायात चप्पल बसतच नाही, गोणपाट गुंडाळून येतो.

मग आमची गाव समितीच त्याच्या अंगणात बसली, सतरंजीवर. त्या दिवशी सिस्टरनं पाय धुण्याचा टब, मग, साबण, मलम असा संच आणला होता. रोज पाय धुवायचा, बोटांमधली जागा कोरडी करायची, म्हणजे ताप येऊन सूज वाढण्याचे झटके कमी होतात. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “पाय धुवाले पानी आनतं कोन? माही बायको. तिले शिकवा, मले नोको.” सिस्टर हसली आणि तिनं त्याच्या बायकोला पुढे बसवलं. त्या वर्षी गोळ्यांच्या वेळी तो आपल्या ओट्यावर बसला होता. कोणाला काही बोलला नाही. पाय मात्र त्यानं झाकला नव्हता.

24 जानेवारी 2025ची सकाळ आमच्याकडे कोणी विसरणार नाही. निर्माणीत स्फोट झाला, आठ जण गेले. त्या दिवसाबद्दल मला इथं लिहायचं नाही. त्या आवाजानं माझ्यासारख्या माणसाच्या पायातलं बळ जातं, कारण आवाज कुठल्या बाजूनं आला हे कळतं आणि त्या बाजूला कोण कामाला आहे हेही. समितीपुरतं एक सांगतो. त्यानंतरच्या सभेला दोघी बाया विषय घेऊन आल्या, माझ्याशी न बोलता. भाजलेल्या माणसाला पहिल्या तासात लागणारं काय काय आपल्या दवाखान्यात आहे, ते कपाट उघडून दाखवा. मी हादरलो. त्याच्या चार वर्षं आधी, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या 9 जानेवारी 2021च्या आगीत दहा नवजात बाळं गेल्यावर, मी सभेत अग्निशामक नळकांड्यांच्या तारखा तपासायला लावल्या होत्या आणि त्याचा मला अभिमान होता. पण ते माझं कारखान्यातलं ज्ञान होतं, कोणाचा निरोप नव्हता. कपाट उघडा म्हणणाऱ्या बायांच्या मागे पडवीभर बाया होत्या. कपाट उघडलं. काय होतं, काय नव्हतं, ते लिहून घेऊन त्या रात्री बचत गटात वाचून दाखवलं गेलं. माझा सायकल स्टँड आता त्या पडवीत आहे.

गेल्या सभेत दर्शनी भागाच्या रंगरंगोटीचा विषय होता. दोघी म्हणाल्या, रंग पुढच्या वर्षी, आधी 9 तारखेच्या बायांना बसायला शेड. बाकीच्यांना रंग हवा होता. पाहणीला वरून पथक येणार होतं, तेही खोटं नव्हतं. चर्चा खरोखरच सविस्तर झाली. रंग ठरला. लिहिणाऱ्या भाऊंनी सवयीनं ‘सर्वानुमते’ लिहायला घेतलं.

“थांबा ना भाऊ,” धाकटी म्हणाली. “आमी दोघी नाई म्हनलो.”

भाऊंनी पेन उचलून डॉक्टरांकडे पाहिलं. “मग कसं लिहू, सर?” सर माझ्याकडे बघायला लागले. कार्यसमितीत असं कसं नोंदवतात ते मला ठाऊक होतं, शब्दासकट. मी चहाचा कप तोंडाला लावला.

“लिवा,” थोरली म्हणाली, “दोघींले मंजूर नाई. आनं काहून नाई, तेबी लिवा.”

ओळीत जागा उरली नव्हती. भाऊंनी वही आडवी केली आणि शेडचं सगळं कारण समासात, खालून वर, बारीक अक्षरात लिहिलं. मग वही सह्यांसाठी फिरली. दोघींनी ती परत उभी केली, आडवी केली, दोनदा वाचली. आम्ही सगळे चिवडा थांबवून बसलो होतो.